काळाच्या नावे टाकलेली रक्कम

मॉलविषयी एक युक्तिवाद मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकला आहे की तो मला पाठ झाला आहे. अमेरिकेत मोटारी आल्या, माणसं शहर सोडून उपनगरांत राहायला गेली, त्यांना एका छपराखाली सगळं हवं होतं म्हणून मॉल जन्मला. पुढे इंटरनेट आलं, माल घरपोच मिळू लागला, म्हणून मॉल मेला. आपल्याकडेही हेच व्हायचं आहे. पेठेतला दुकानदार बसला तो काळामुळे, उद्या मॉल बसेल तोही काळामुळेच. यात कोणाचा दोष नाही आणि कोणाच्या हातात काही नाही.

हे ऐकून सगळे माना डोलावतात. मला ते जमत नाही, कारण माझं उभं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. कीर्दीत मोठी रक्कम दिसली की तिचं व्हाउचर मागायचं, हे माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. सही कोणाची, तारीख कोणती, पैसे कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेले, हे कळल्याशिवाय नोंद मान्य करायची नाही. मॉलचा सगळा इतिहास आपण काळाच्या नावे टाकून मोकळे झालो आहोत. मी त्या नोंदीची व्हाउचरं पाहिली. ती आहेत, आणि त्यांच्यावर माणसांच्या सह्या आहेत.

सुरुवात पहिल्या मॉलपासूनच करू. 8 ऑक्टोबर 1956 रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराला लागून असलेल्या इडायना या उपनगरात साउथडेल सेंटर उघडलं. पूर्ण बंदिस्त, आतली हवा बारा महिने एकसारखी ठेवणारं अमेरिकेतलं हे पहिलं उपनगरी व्यापारसंकुल. खर्च 2 कोटी डॉलर, दुकानं 72, मोटारींसाठी सुमारे 5,200 जागा. पहिल्या दिवशी अंदाजे 75,000 माणसं आली. मिनिआपोलिसमधलं बडं दुकान चालवणाऱ्या डेटन कुटुंबाने ते बांधलं आणि त्याच शहरातल्या डोनाल्डसन्स या प्रतिस्पर्ध्याला शेजारी आणून बसवलं. दोन टोकांना दोन मोठी दुकानं, मध्ये छोटी, आणि सगळ्यांच्या मधोमध एक भव्य आच्छादित चौक. या चौकाला त्यांनी चिरवसंताची बाग म्हटलं. बाहेर बर्फ असो वा कडक ऊन, आत सुमारे 24 अंश. झाडं, माशांचा हौद, पक्ष्यांचा उंच पिंजरा, कॉफीची टेबलं, आणि शिल्पकार हॅरी बर्टोइया याने घडवलेली धातूची सोनेरी झाडं.

माझी मुलगी मिनिआपोलिसमध्ये राहते. एका जानेवारीत तिच्याकडे असताना मी या चौकात गेलो. बाहेर पारा उणे 20 च्या आसपास होता, नाकातला श्वास गोठत होता. आत शिरलो, कोट काढून हातावर घेतला आणि वर पाहिलं. बर्टोइयाची झाडं अजून उभी होती. बारीक दांड्यांवर सोनेरी पत्र्याचे तुकडे, त्यांच्यावर छतातून येणारा मंद उजेड. दुकानं उघडायला अवकाश होता. सत्तरी ओलांडलेली काही माणसं, पायात खेळाचे बूट घालून, गॅलरीतून फेऱ्या मारत होती. एका आजींनी मला हसून सुप्रभात म्हटलं. म्हणजे ज्यांना मॉल आवडतो त्यांची आवड खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. तिथे मला ती समजली. माझा वाद त्या आजींशी नाही. ही जागा आपोआप उगवली असं जे सांगतात, त्यांच्याशी आहे.

साउथडेलचा वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन. 1903 साली व्हिएन्नात ज्यू घराण्यात जन्मलेला, समाजवादी विचारांचा, संध्याकाळी राजकीय विडंबनाच्या रंगमंचावर उभा राहणारा माणूस. 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तो जीव वाचवून न्यूयॉर्कला पोचला. डोक्यात व्हिएन्नाचे चौक होते, कॉफीगृहं होती, पायी चालणाऱ्या माणसांनी भरलेले रस्ते होते. समोर होती मोटारीत बसून एका दुकानापासून दुसऱ्या दुकानाकडे जाणारी अमेरिका. रस्त्याच्या दुतर्फा पसरत चाललेल्या, नुसत्या पाट्यांनी भरलेल्या दुकानांच्या रांगांची त्याला शिसारी होती. 1943 सालीच त्याने आपली सहकारी आणि पत्नी एल्सी क्रुमेक हिच्यासह एका वास्तुकला मासिकात उपनगरासाठी अशा केंद्राची कल्पना मांडली होती, ज्यात दुकानांबरोबर समाजजीवनाच्या सोयीही असतील.

साउथडेलच्या मूळ आराखड्यात मॉल हा एक भाग होता. डेटन कंपनीने तिथे 463 एकर जमीन घेतली होती. त्या जमिनीवर घरं, सदनिका, शाळा, दवाखाने, बाग, तळं असं एक छोटं गावच वसवायचं होतं आणि दुकानांचं केंद्र त्या गावाचा चौक व्हायचं होतं. प्रत्यक्षात काय झालं? चौक बांधला गेला. भोवतालच्या जमिनीचे भाव चढले आणि ती तुकड्यातुकड्याने बाजाराच्या हिशेबाने वापरली गेली. गावाच्या मधोमध शोभावा असा चौक मोटारींच्या डांबरी समुद्रात एकटा उरला. उद्घाटनाच्याच वर्षी, नव्वदीच्या घरातला ख्यातनाम वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट तो पाहायला आला आणि त्याने कडक शब्दांत नापसंती सांगितली. खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष इथे आले आहेत, गोडवा मात्र आला नाही, असा त्याचा रोख होता.

आता पहिलं व्हाउचर. माणसं उपनगरांत गेली हे खरं, पण ती वाऱ्याने उडून गेली नाहीत. 1934 साली अमेरिकी सरकारने घरकर्जांना हमी देणारी संस्था उभी केली. 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं घरकर्ज मिळू लागलं. हमीमुळे बँका निर्धास्त झाल्या, हप्ता इतका उतरला की शहरातल्या भाड्यापेक्षा उपनगरातलं नवं घर परवडू लागलं. पण ही हमी सगळ्यांना सारखी नव्हती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवून नकाशांवर लाल रंगाने रंगवल्या जात. नव्या वसाहतींच्या खरेदीखतांत, हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं नाही, अशी कलमं लिहिली जात. इडायनामधल्या कंट्री क्लब या प्रतिष्ठित वसाहतीच्या 1920 च्या दशकातल्या खतांत अशीच अट होती. 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना अशा अटींची अंमलबजावणी करायला मनाई केली, पण घरविक्रीतला भेदभाव देशभर बेकायदा ठरायला 1968 साल उजाडलं. साउथडेल उघडलं ते या दोन तारखांच्या मध्ये. तेव्हा जो ग्राहक त्या चौकात आला तो निवडून, गाळून आणलेला ग्राहक होता. खरेदीखतातली अट कोणी तरी लिहिली, कोणी तरी नोंदवून घेतली. तिला काळाचा ओघ म्हणणं हा, ज्यांना दारातून परत पाठवलं गेलं त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

दुसरं व्हाउचर रस्त्याचं. 29 जून 1956 रोजी, म्हणजे साउथडेल उघडण्याच्या सुमारे सव्वातीन महिने आधी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. 41,000 मैलांचं महामार्गांचं जाळं, त्यासाठी सुरुवातीला 25 अब्ज डॉलर, आणि खर्चाचा 90 टक्के भार केंद्राच्या तिजोरीवर. शहरातल्या ट्रामगाड्या तोट्यात जाऊन बंद पडत होत्या, त्यांना असा दाता मिळाला नाही. एका बाजूच्या ताटात वाढायचं, दुसऱ्याचं ताट रिकामं ठेवायचं, आणि मग म्हणायचं की बघा, याचीच प्रकृती सुधारली!

पण सगळ्यांत मोठं व्हाउचर तिसरं आहे. ते माझ्या धंद्यातलं असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. ते आहे घसाऱ्याचं.

इमारत जुनी होते, तिची किंमत झिजते, म्हणून दरवर्षी तिच्या किमतीचा काही भाग खर्च म्हणून दाखवता येतो. त्याला घसारा म्हणतात. खिशातून पैसा जात नाही, पण करपात्र उत्पन्न कमी होतं. 1954 पर्यंत अमेरिकेत इमारतींना साधारणपणे स्थिर हप्ता पद्धत लागू होती. समजा, 10 लाख डॉलरची इमारत, आयुष्य 40 वर्षं. दरवर्षी घसारा 25,000 डॉलर, पहिल्या वर्षी तेवढाच आणि चाळिसाव्या वर्षीही तेवढाच. 1954 च्या नव्या करसंहितेने उत्पन्न देणाऱ्या नव्या इमारतींना घटत्या शिल्लक पद्धतीने, दुप्पट दराने घसारा घ्यायची मुभा दिली. त्याच इमारतीला पहिल्या वर्षी 50,000, दुसऱ्या वर्षी 47,500, अशी उतरती रक्कम. पहिल्या दहा वर्षांत जुन्या पद्धतीने अडीच लाख वजा होत होते, नव्या पद्धतीने चार लाखांहून थोडे जास्त. भाडं येत राहतं, इमारत ठणठणीत उभी असते, पण वहीत मात्र तोटा दिसतो. हा कागदी तोटा मालक आपल्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा करू शकत होता.

हा तोटा किती मोलाचा होता? त्या काळी अमेरिकेत सर्वांत वरच्या पायरीवरच्या वैयक्तिक उत्पन्नावर 91 टक्के कर होता, कंपन्यांच्या नफ्यावर 52 टक्के. याउलट दीर्घकाळ बाळगलेली मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर जास्तीत जास्त 25 टक्के. त्यामुळे हिशेब सरळ होता. मॉल बांधा, सुरुवातीची वर्षं भरपूर घसारा घेऊन चढा कर वाचवा, घसारा आटायला लागला की इमारत विका आणि नफ्यावर कमी दराने कर भरा. मिळालेल्या पैशातून पुढचा मॉल बांधा. या पळवाटेला 1960 च्या दशकात काहीसा आळा बसला, पण तोवर शहरांभोवती मॉलची कडी तयार झाली होती.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. जमिनीवर घसारा मिळत नाही. जमीन झिजत नाही असं करकायदा मानतो. आता शहराच्या मध्यभागी जमीन महाग, म्हणून एकूण गुंतवणुकीत जमिनीचा हिस्सा मोठा आणि घसाऱ्याला पात्र रक्कम कमी. शहराबाहेर मक्याच्या शेतात जमीन स्वस्त, म्हणून जवळजवळ सगळी गुंतवणूक इमारतीत आणि घसारा भरघोस. शिवाय दुप्पट दर मिळायचा तो नव्या बांधकामाला. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या दुकानाची डागडुजी करून ते तगवणाऱ्या मालकाला ही सवलत नव्हती. जुनं सोडा, बाहेर पडा, नवं बांधा, आणि दहा-पंधरा वर्षांनी तेही सोडा, असं हे करकोष्टक प्रत्येक गुंतवणूकदाराच्या कानात सांगत होतं. अमेरिकी इतिहासकार थॉमस हँचेट याने 1996 साली एका प्रदीर्घ लेखात हा सगळा धागा उलगडला आहे. हिशेबनीस म्हणून तो वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं की एवढा ढळढळीत पुरावा असताना आपण अजून मोटारींना आणि हवामानाला दोष देत बसतो.

इथे एक हरकत मी स्वतःच नोंदवतो, कारण ती रास्त आहे. साउथडेलची घोषणा 1952 साली झाली होती. ग्रुएनचंच डेट्रॉइटजवळचं नॉर्थलँड हे खुलं संकुल मार्च 1954 मध्ये, कायद्याच्या आधी, उघडलं होतं. मग घसाऱ्याने मॉल जन्माला घातला असं कसं म्हणता? मी तसं म्हणत नाही. पहिला मॉल एका व्यापारी कुटुंबाच्या महत्त्वाकांक्षेतून, मिनेसोटाच्या थंडीतून आणि एका निर्वासिताच्या आठवणींतून जन्मला. पण पहिला मॉल एक असतो. त्याच्या नकला हजारोंनी निघाल्या, आणि त्या नकला काढणाऱ्यांना व्हिएन्ना ठाऊक नव्हतं, कोष्टक ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्यात घरं, शाळा, दवाखाने वगळले गेले आणि गाळे तेवढे राहिले. 1981 साली अमेरिकेने इमारतींचं घसाऱ्यापुरतं आयुष्य एकदम 15 वर्षांवर आणलं आणि पुन्हा बांधकामांना ऊत आला. 1986 साली ते 31.5 वर्षांवर नेलं आणि कागदी तोट्यांवर बंधनं घातली, तेव्हा तो ऊत ओसरला. नळ सोडला की पाणी येतं आणि बंद केला की थांबतं, हे डोळ्यांसमोर दिसत असताना पाण्याला निसर्गाचा झरा कसं म्हणायचं?

काही जण खापर काळावर न फोडता ग्रुएनवर फोडतात. तेही मला पटत नाही. तो धुतल्या तांदळासारखा होता असं नाही. त्याच्या कंपनीने पुढेही मॉल बांधले, त्याने 1960 साली त्यांच्या नियोजनावर अर्थतज्ज्ञ लॅरी स्मिथबरोबर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि या धंद्यातून नाव आणि पैसा दोन्ही कमावले. पण त्याच माणसाने 1956 मध्येच टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराचा मध्यभाग मोटारमुक्त करण्याचा आराखडा दिला होता. भोवती वळणरस्ता, त्याला लागून वाहनतळ, मालवाहतूक जमिनीखालून, आणि मधलं सगळं शहर चालणाऱ्यांसाठी. तो आराखडा कागदावरच राहिला. 1959 साली मिशिगनमधल्या कलामझू गावात त्याच्या योजनेनुसार मुख्य रस्ता पादचाऱ्यांना खुला झाला. 1968 साली तो व्हिएन्नाला परतला. तिथे शहराच्या जुन्या गाभ्यासाठी त्याने योजना मांडली आणि 1970 च्या दशकात कर्न्टनर श्ट्रासे हा तिथला मोठा बाजाररस्ता वाहनांना बंद होऊन चालणाऱ्यांचा झाला. आजही तो गजबजलेला असतो. 1978 साली लंडनच्या भाषणात त्याने अमेरिकी मॉलशी असलेलं आपलं पितृत्वाचं नातं जाहीरपणे नाकारलं. एकच माणूस, एकच स्वप्न. इडायनात त्याचं डांबराच्या मधोमध बेट झालं आणि व्हिएन्नात रस्ता झाला. फरक भोवतालच्या नियमांचा होता. कलामझूचा रस्ता पुढे काही भागात मोटारींना पुन्हा मोकळा करावा लागला, कारण एका रस्त्यावर फरशी घालून कर, कर्ज आणि महामार्ग यांची दिशा बदलत नाही.

आता मॉल हाच नवा चौक आहे, या दाव्याकडे येतो. आपल्याकडचे जाहिरातदार तो फार आवडीने करतात. साउथडेलच्या चौकात सिम्फनी वाद्यवृंदासाठी नृत्यसमारंभ झाले, मुलं खेळली, म्हाताऱ्यांनी फेऱ्या मारल्या, हे सगळं खरं. पण चौक म्हणजे जिथे उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतच याचा निकाल लागला आहे. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात लॉइड सेंटर नावाचं 1960 साली उघडलेलं मोठं संकुल होतं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध शांतपणे पत्रकं वाटणाऱ्या काही तरुणांना तिथून हटवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1972 साली न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला. ही खासगी मालमत्ता आहे, लोकांना खरेदीसाठी बोलावलं म्हणून ती सार्वजनिक होत नाही. 1980 साली कॅलिफोर्नियातल्या प्रुनयार्ड संकुलाच्या खटल्यात, एखाद्या राज्याची घटना जास्त हक्क देत असेल तर ते टिकतील, एवढीच सवलत मिळाली.

याचा अर्थ काय ते मला एका रविवारी स्वतःच्या पायांवर कळलं. आमच्या वाचनालयाच्या पुस्तक प्रदर्शनाची हस्तपत्रकं घेऊन आम्ही चौघं आमच्या शहरातल्या एका मॉलच्या आवारात उभे होतो. दहा मिनिटांत सुरक्षारक्षक आला. मुलगा नम्र होता, पंचविशीचा, बहुधा आमच्याच भागातला. म्हणाला, "काका, इथे वाटता येणार नाही. वरून सांगितलंय." मी विचारलं, बाहेरच्या पायऱ्यांवर? तर पायऱ्याही त्यांच्याच. आम्ही रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभे राहिलो. त्या संध्याकाळी मंडईसमोर तीच पत्रकं अर्ध्या तासात संपली. कोणी विचारलं नाही, आम्ही कोण. एका भाजीवालीने तर पत्रकांचा गठ्ठा आपल्या टोपलीशेजारी ठेवून घेतला, "येणाऱ्या-जाणाऱ्याला देते" म्हणाली. चौक आणि चौकासारखी दिसणारी जागा यांतलं अंतर त्या दिवशी मी रस्ता ओलांडून मोजलं.

शेवटचा दावा इंटरनेटचा. ऑनलाइन खरेदीने मॉल मारला म्हणतात, तर तारखा लावून पाहू. अ‍ॅमेझॉनची स्थापना 1994 ची. शतक पालटताना अमेरिकेच्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा एक टक्क्याच्या आत होता आणि 2010 मध्येही जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. शिकागोजवळच्या हार्वी गावातला डिक्सी स्क्वेअर मॉल मात्र 1966 साली उघडला आणि 1978 साली बंद पडला. बारा वर्षांत! त्याला कोणत्या संकेतस्थळाने मारलं? 1979 साली त्या ओसाड मॉलमध्ये एका सिनेमाचं मोटारींच्या पाठलागाचं चित्रीकरण झालं. पुढे तीन दशकांहून अधिक काळ तो भग्नावस्थेत उभा होता, 2012 साली पाडला गेला.

मॉलला मारलं ते मुख्यतः पुढच्या मॉलने. खुद्द साउथडेलचं घराणं पाहा. डेटन कंपनीनेच शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना ब्रुकडेल, रोझडेल, रिजडेल अशी भावंडं उभी केली. 1962 साली याच कंपनीने रोझव्हिलमध्ये टार्गेट हे स्वस्त मालाचं पहिलं दुकान उघडलं, जे पुढे मूळ दुकानाहून कितीतरी मोठं झालं. 1992 साली शेजारच्या ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका आला. त्याच त्या गिऱ्हाइकाला वाटून घ्यायला एवढी छपरं. अमेरिकेत दरडोई दुकानांची जागा युरोपातल्या देशांच्या कितीतरी पट झाली, ती लोकांची गरज तेवढ्या पटीने वाढली म्हणून नाही. बांधण्यातच फायदा होता. ब्रुकडेल 2010 साली बंद पडलं. नॉर्थलँड 2015 साली. ऑनलाइन खरेदीने आधीच पोखरलेल्या झाडाला धक्का दिला, हे मी मान्य करतो. पोखरणं मात्र चाळीस वर्षं आधीपासून चालू होतं. आणि सगळ्यांत थोरलं साउथडेल अजून उघडं आहे. त्याच्या आवारात आता सदनिका उभ्या आहेत, एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी व्यायामशाळा आहे. ग्रुएनच्या मूळ कागदावर जे होतं, त्यातलं थोडं साठ वर्षांनी आलं.

मग कोणी म्हणेल, पण लोकांना मॉल आवडला ना? 75,000 माणसं कोणी ओढून आणली नव्हती. खरं आहे. पण आवड ही समोर ठेवलेल्या ताटातून निवडली जाते. गावाबाहेरच्या घराला स्वस्त कर्ज, तिथवर जायला सरकारी रस्ता, तिथे बांधायला करसवलत, आणि गावातल्या रस्त्यावर उखडलेल्या फरश्या, अशी मांडणी केल्यावर माणसाने मॉल निवडला, तर त्याने काळाचा कौल दिला असं होत नाही.

हे सगळं मी मराठी वाचकासाठी का लिहितो आहे? कारण आपल्याकडेही नियमांनी हेच केलं आहे, आणि तेही आपण काळाच्या नावे टाकलं आहे. मुंबईच्या गिरणगावाचं उदाहरण ताजं आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेलं मालकाला, अशी वाटणी घालून दिली होती. 1996 साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली या जमिनींच्या एकत्रित नियोजनासाठी समिती नेमली गेली. मग 2001 साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची न राहता, फक्त ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्याचीच करायची. गिरणीच्या आवारात तशी मोकळी जागा असते किती? लोकांचा वाटा आक्रसून गेला. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर झगमगता मॉल आहे. तिथे गेलेल्या तरुणांना सांगितलं जातं की गिरण्यांचा काळ संपला आणि मॉलचा आला. गिरण्यांचा काळ संपला असेल. पण त्या जागी बाग यावी, घरं यावीत की गाळे, हे एका नियमातल्या काही शब्दांनी ठरवलं.

म्हणून मला हा युक्तिवाद नुसता चुकीचा वाटत नाही, घातक वाटतो. जे काळाने केलं ते परतवता येत नाही. त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही, आणि पुढच्या वेळी वेगळं करा असंही सांगता येत नाही. जे नियमाने केलं ते मात्र नियमाने बदलता येतं. इडायनात 1956 साली जमलेल्या 75,000 माणसांपैकी किती जणांनी दोन वर्षांपूर्वीची करसंहिता वाचली असेल? त्यांच्या शहराचा मुख्य रस्ता कोणत्या कोष्टकाने रिकामा होणार आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आपल्याला तसं म्हणायची सोय नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, नियमावलीत दुरुस्ती सुचवली की तिची सूचना राजपत्रात येते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापली जाते, आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. हरकत साध्या कागदावर लिहिता येते. तिला वकील लागत नाही.

पुढच्या वेळी ती बारीक टायपातली सूचना दिसली की कात्री घेऊन कापून ठेवा. कोणत्या जमिनीला कोणती सवलत, नव्याला किती आणि जुन्याला किती, लोकांचा वाटा कशावर मोजायचा, एवढे तीनच प्रश्न पेन्सिलीने समासात लिहा, आणि उत्तर मिळालं नाही तर हरकत नोंदवा. पोच घ्यायला विसरू नका. पुढे कोणी सगळं काळाच्या नावे टाकायला निघाला, तर तुमच्याकडे निदान एक व्हाउचर असेल.